रुजाय, क्रूस सोनवण्यानं मोडला नव्हता

रुजाय गो, परवा तुला मातीत ठेवून घरी आलो, हातपाय धुतले आणि ओट्यावर बसलो, तर सेलीन म्हणते, "रड की एकदाचा! मी मेले असते तर एवढा गप्प बसला नसतास." माझ्या बायकोचं तोंड तुला ठाऊकच आहे. तिला काय सांगणार? मला रडू येत नव्हतं, भीती वाटत होती. एक गोष्ट ह्या जगात दोघांनाच माहीत होती, तुला आणि मला. तुझ्यामागं ती एकट्या माझ्याकडे राहिली. आणि खोटं कशाला बोलू, तुझ्या पेटीवर माती टाकताना माझ्या मनात आलं की चला, सुटलो. ते मनात आलं म्हणून भीती वाटली.

आधी ती गोष्टच लिहितो, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आपल्या गावठाणाच्या तोंडावरच्या क्रूसाचा डावा हात मोडून पडला, तो माझ्यामुळे पडला. मुद्दाम नाही, चुकून, पण माझ्यामुळे. आणि अख्खं गावठाण एवढे दिवस समजून होतं की तो नाल्यापलीकडच्या चाळीतल्या सोनवण्यानं मोडला आणि आपण सगळ्यांनी मोठ्या मनानं त्याला माफ केलं. त्या दिवशी डोकी फुटायची वाचली ती तुझ्यामुळे. सगळं तू निभावलंस आणि मला एकच काम ठेवलंस, खरं सांगायचं. तीन वर्षं मी ते केलं नाही.

फादर म्हणाले, "इनास, तू तिच्या भिंतीला भिंत लावून राहिलास, दोन ओळी लिहून दे, आपल्या चर्चच्या, पॅरिशच्या अंकात घालू." जन्म, लग्न, मुलं, आजार हे त्यांनी त्यांच्या वहीतून लिहावं. मला ती तारखांची रुजाय ओळखीची नाही. मला माहीत आहे ती गळ्यात टेप टाकून दारात उभी राहणारी बाई, जिनं गावठाणातल्या प्रत्येक पोरीचा पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक शिवला आणि नाल्यापलीकडच्या प्रत्येक पोराचा शाळेचा गणवेशही. बाप्ये उगाच आवाज चढवायला लागले की तू मशीन न थांबवता म्हणायचीस, "तुझी छाती किती इंच आहे ते मला माहीत आहे हां, फुगवू नको." समोरचा गारच व्हायचा.

आणि तुझी ती लदीन! मे महिना लागला की संध्याकाळी क्रूसासमोर चटया पसरायच्या, मरियामातेची रोझरी, म्हणजे जपमाळ, म्हणायची, गाणं म्हणायचं आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचे, खोबऱ्याचे काप घालून. रोज एकेका घराची पाळी. हे सगळ्याच गावठाणांत होतं. पण आपल्या लदीनला पुढं तू असायचीस आणि तुझी एक खोड होती. पुस्तक उघडायच्या आधी तू उभी राहून विचारायचीस, "कोण कोणाशी बोलत नाही?" सगळे माना खाली घालायचे. पण तुला बातमी असायचीच. "त्या फणसावरून भांडलेल्या दोघी जावा पुढं या, एका चटईवर बसा. मी थांबते." आणि खरंच थांबायचीस! डास चावताहेत, म्हातारे खोकताहेत, चणे गार होताहेत, आणि तू पुस्तक मिटून उभी. शेवटी त्या जावा येऊन एका चटईवर बसायच्या, एकमेकींकडे पाठ करून का होईना. मग तू सुरू करायचीस. मी सेलीनला म्हणायचो, ही बाई देवाला पण तंगवते.

तर ते साल. ऊन फार उशिरापर्यंत रेंगाळायचं आणि लदीनच्या वेळी पश्चिमेचं ऊन म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत जायचं. म्हणून मी ताडपत्री बांधायचं ठरवलं. कारखान्यात मी फिटर, गाठी मारण्यात माझा हात कोण धरणार! तीन कोपऱ्यांना तीन बांबू मिळाले, चौथा आखूड निघाला. म्हटलं, एवढ्यासाठी कुठं जायचं? चौथ्या कोपऱ्याची दोरी मी सरळ क्रूसाच्या हाताला बांधली. आपल्याच क्रूसाला आपली दोरी, त्यात काय पाप? तू चुना लावलेला तो हात, पणज्यांच्या वेळचा दगड, आतून कधीच भेगाळलेला. लदीन झाली, सगळे घरी गेले, आणि उद्या परत लागेल म्हणून मी ताडपत्री तशीच ठेवली. रात्रीत वारा सुटला.

सकाळी सहाला पहिल्या पाळीला निघालो तर क्रूसाचा हात खाली पडलेला आणि त्याला माझी दोरी, माझ्या गाठीसकट. रुजाय, त्या वेळी मी ओरडायला हवं होतं. लोकांना उठवून म्हणायला हवं होतं की या रे, माझ्या हातून काय झालंय बघा. मी काय केलं? दोरी सोडवली, ताडपत्री गुंडाळली, माझ्या न्हाणीच्या मागं कोंबली आणि बस पकडली. मनात म्हटलं, संध्याकाळी येऊन सांगतो, आत्ता घाईत काय सांगायचं. दिवसभर मशीनवर माझं लक्ष नव्हतं. सांगायचं कसं त्याची मी वाक्यं जुळवत होतो.

परत आलो तोवर वाट लागली होती. त्याच्या दोन दिवस आधी सोनवणे आपल्याकडे येऊन भांडून गेला होता ना, लाउडस्पीकरवरून. तो जालन्याकडचा, बस डेपोत मेकॅनिक, घरात आजारी आई. आपण कर्णा लावला होता तो नेमका चाळीकडे तोंड करून. दोनदा सांगून कोणी ऐकलं नाही तेव्हा तो तापला आणि म्हणाला, "एक दिवस हे सगळं खाली पाडून टाकीन." बस. क्रूसाचा हात पडलेला दिसल्यावर कोणाला पुरावा लागतो? ताडपत्री मी रात्रीच काढून नेली असं सगळ्यांनी धरलं. दुपारपर्यंत अर्ध्या गावठाणानं त्याला क्रूस मोडताना डोळ्यांनी पाहिलं होतं!

आणि आता जे लिहितोय ते लिहिताना माझी मान वर होत नाही. क्रूसापाशी आपली माणसं जमली होती, पॅरिशच्या टीमच्या हॉकी स्टिका घेऊन. नाल्यापलीकडे चाळीतले उभे राहिले होते, त्यांच्याकडे सळया आणि बांबू. त्यांतले निम्मे कोकणातले गिरणी कामगार, संपानंतर घरी बसलेले, आधीच डोकं फिरलेलं. मी आलो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी तापट, मी पुढं असणार हे धरूनच चाललेले. कोणीतरी माझ्या हातात स्टिक दिली. आणि मी ती घेतली, रुजाय. घेतली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडलो, "सोनवण्याला बाहेर काढा!" इतका मोठा आवाज माझ्या अंगात कुठून आला मला आजही कळत नाही. बहुतेक आतलं दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून आला असेल.

तेवढ्यात तू आलीस. मला वाटलं आता ही हात जोडणार, रडणार, मुलांनो असं करू नका म्हणणार. फादर ते सगळं दुपारीच करून गेले होते आणि शांतता समिती नेमायला निघून गेले होते. तू काही म्हणालीच नाहीस. डोक्यावर चटयांची गुंडाळी, मागं चार बायका. माझ्या स्टिकला खांदा घासत गेलीस आणि म्हणालीस, "बाजूला हो रे, आज पाळी माझी आहे." क्रूसापाशी थांबली नाहीस. तशीच पुढं जाऊन नाल्यावरच्या फरशीवर, त्या बुटक्या पुलावर, पहिली चटई टाकलीस, बरोबर मधोमध, आपली माणसं आणि त्यांची माणसं ह्यांच्या मध्ये.

कोणीतरी ओरडलं, "अगो रुजाय, इथं कुठं? क्रूस तिकडं आहे!"

"क्रूसाचा हात मोडलाय, कान नाही," तू म्हणालीस.

आणि मग तू जे केलंस ते मी तीन वर्षं रोज आठवतो. फरशी ओलांडून तू एकटी पलीकडे गेलीस. सोनवणे पुढंच उभा होता, सळई घेऊन. त्याला वाटलं तू जाब विचारायला आलीस. आम्हालाही तेच वाटलं. तू त्याला विचारलंस, "सोनवणे, आईला कसं आहे? आज आम्ही इथं बसणार, आवाजाचा त्रास होईल का? कर्णा नाही लावत. चालेल?"

बघ गो, ज्याला मारायला शंभर माणसं उभी होती, त्याची तू परवानगी मागितलीस! दोन दिवसांपूर्वी तो जे मागत होता आणि आपण जे द्यायला तयार नव्हतो, ते तू त्या क्षणाला जाऊन त्याच्या हातात दिलंस. त्यानं सळई ह्या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "करा. करा… पण हळू." तू म्हणालीस, "हळूच करू. ऐकायचं असेल तर तुमच्या माणसांना गप्प बसायला सांग, आमच्यांना मी सांगते."

आणि बसलीस. बायका बसल्या. सेलीन बसली, माझ्या बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी जळून गेलो. पलीकडून चाळीतल्या बायका आल्या. ज्यांच्या पोरांचे गणवेश तुझ्या मशीनवर अर्धे शिवून पडले होते त्या आल्या, आणि मग त्यांच्या मागून दुसऱ्या. फरशी पुरेना. तू सुरुवात केलीस. रोझरीची पाच रहस्यं असतात, प्रत्येकाला दहा नमो मरिया, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. आम्ही म्हटलं, होऊ दे, एवढं होईपर्यंत थांबू. आईबहिणी मध्ये बसल्यावर स्टिक चालवणार कशी? पाच झाली. तू थांबली नाहीस. आनंदाची संपवून तू दुःखाची सुरू केलीस. दहा झाली. मग गौरवाची. त्या दिवशी तू पूर्ण पंधरा म्हटलीस, रुजाय, पंधरा! सव्वा तासाच्या वर, कर्णा नाही, बाजाची पेटी नाही, तुझा तो शिवणकामानं बसलेला बारीक आवाज, आणि तो ऐकू यावा म्हणून दोन्हीकडची माणसं खाकरायचीसुद्धा थांबली. सातव्या रहस्याला माझा हात दुखायला लागला. दहाव्याला मी स्टिक जमिनीला टेकवली. पलीकडचे काही तर उकिडवे बसले होते. माझ्या बाजूचा एकजण पुटपुटला, "हिला किती पाठ आहे यार!" आणि पलीकडे कोणीतरी हसलं, आणि आपल्याकडेही कोणीतरी हसलं.

मी नास्तिक नाही, पण चर्चमध्ये मिस्सेला मागच्या बाकावर बसून घड्याळ बघणारा माणूस. त्या दिवशी मला पहिल्यांदा आपल्या प्रार्थनेची भीती वाटली. दर वर्षी ह्याच चटया, हेच शब्द, हेच म्हातारे सूर. बायकांचं काम म्हणून आम्ही त्याच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. त्यात एवढा जोर असेल असं कोणाला वाटलं असतं?

मग चणे. मोठा टोप फरशीवर आला. तू पहिली पळी भरून उभी राहिलीस आणि पहिल्यांदा सोनवण्याला बोलावलंस. आमच्यातले लोक चुळबुळले. तो आला, एक हात पुढं केला, दुसऱ्यात सळई. तू पळी मागं घेतलीस. "लदीनचे चणे एका हातात नाही घेत रे. ओंजळ कर." आपली रीतच आहे ती, लहानपणापासून आपल्याला ओंजळीतच मिळाले, एक हात पुढं केला की तुझी आई पळीचा दांडा मारायची. सोनवण्यानं तुझ्याकडे बघितलं. तू वाट बघत उभी, जशी त्या जावांची बघायचीस तशी. त्यानं वाकून सळई फरशीवर ठेवली आणि ओंजळ केली. मग तू आमच्याकडे वळलीस. "या. ओंजळ करून या." एकेकाला खाली ठेवावं लागलं. स्टिका, बांबू, सळया, सगळ्यांचा ढीग झाला फरशीच्या कडेला. मी आलो तेव्हा तू माझ्या डोळ्यांत बघितलंस, चणे घातलेस, आणि हळूच म्हणालीस, "उतरतील ना घशाखाली?" तिथंच मला कळलं की तुला माहीत आहे.

वाटून झाल्यावर तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "क्रूस सोनवण्यानं मोडला नाही. मी सांगते." तुझ्या शब्दाबाहेर कोण जाणार? लोक घरी गेले. पण जाताना काय बोलत गेले ठाऊक आहे? "काय मन आहे बाईचं! त्याला वाचवायला एवढं खोटं बोलली." तू खरं बोललीस आणि लोकांनी ते तुझं पुण्य म्हणून घेतलं. तेव्हापासून सोनवण्याला सगळे माफच करत आले. नाताळला त्याच्या घरी फराळाचं ताट गेलं. फादरांनी प्रवचनात त्याचं नाव न घेता सांगितलं, आपल्या समाजानं क्षमा कशी केली. बाहेरच्या पॅरिशमधली माणसं आपली फरशी बघायला आली! आम्ही छाती काढून दाखवली. मीसुद्धा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या न्हाणीच्या मागं आलीस. खिडकीतून तू मला दोरी सोडवताना पाहिलं होतंस. मला वाटलं आता शिव्या खाणार. तू ताडपत्रीवर बसलीस आणि म्हणालीस, "कधी सांगतोस?"

मी म्हटलं, "आता सगळं मिटलंय. कशाला उकरायचं?"

"मारामारी झाली नाही, एवढंच झालंय इनास. मिटलेलं काही नाही. तो माणूस न केलेल्याची माफी खातोय रोज."

"मग तूच सांग ना! तुला माहीत आहे, तुझं सगळे ऐकतात."

"मी सांगितलं तर चुगली होईल. लोक तुझ्यावर चिडतील आणि तू माझ्यावर. तू सांगितलंस तर त्या माणसाला त्याचं नाव परत मिळेल, आणि तुला तुझं."

"आणि लोकांनी मला वाळीत टाकलं तर?"

"तर मी तुझ्या चटईवर बसेन."

हा आपला वाद तीन वर्षं चालला. तू मला कधी धमकी दिली नाहीस, कधी कोणाजवळ बोलली नाहीस. माझ्या पँटीची शिलाई उसवली तर तशीच शिवून द्यायचीस, मेल्या सेलीनच्या हाताला काही जमत नाही म्हणत. पण दर मेमध्ये, लदीनच्या पहिल्या दिवशी, तू पुस्तक उघडायच्या आधी उभी राहायचीस आणि तो प्रश्न विचारायचीस, आणि विचारून झाल्यावर एकदा माझ्याकडे बघायचीस. मी बुटांकडे बघायचो. मी तुला म्हणायचो, तुझं सगळं बरोबर, पण माणसाला पोट आहे, अब्रू आहे, शांतता पाहिजे असेल तर थोडं झाकावं लागतं. तू म्हणायचीस, "झाकून ठेवलेलं कुजतं, मी घरी फ्रिज नाही म्हणून सांगते." आणि हसायचीस. तुझं हसणं मला पटायचं नाही. आता वाटतं, मी तुझ्याशी वाद घालत नव्हतोच, मी वेळ काढत होतो, आणि वेळ तुझ्याकडे नव्हता हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं.

परवा तुझ्या पेटीला खांदा द्यायला सोनवणे आला. डेपोच्या खाकी कपड्यांतच, रजा मिळाली नसणार. माझ्या बरोबर समोरच्या खांद्याला होता. सिमेट्रीच्या फाटकात गर्दी झाली तेव्हा मागून दोघी बायका बोलल्या, हळू बोलतोय असं समजून, "तोच ना क्रूस मोडणारा? बघ, रुजायच्या माफीनं माणूस कसा सुधारला." मी ऐकलं. त्यानंही ऐकलं. त्याच्या गालाची एक शीर उडाली, बाकी काही नाही. पायसुद्धा चुकला नाही त्याचा. तुझी पेटी हलू नये म्हणून तो ते गिळून चालत राहिला, रुजाय, आणि समोरून मी चालत होतो. मला वाटलं, ह्या बाईच्या शेजारी मी पन्नास वर्षं राहिलो आणि ती समजली ती ह्या माणसाला.

काल संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई खाटेवर होती, तिनं तुझ्यासाठी डोळे पुसले. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ताडपत्री, आखूड बांबू, दोरी, न्हाणी, सगळं. मला वाटलं होतं तो अंगावर येईल. मी तयारीनं गेलो होतो. तो हातावरचं ग्रीस काढत बसला. मग म्हणाला, "इनासभाऊ, तीन वर्षं ज्यानं त्यानं मला माफ केलं. भाजीवाल्यापासून फादरपर्यंत. मला एकदाही कोणी विचारलं नाही की बाबा, तू केलंस का. फक्त ती बाई म्हणायची, तू केलं नाहीस हे मला माहीत आहे."

मी म्हटलं, "मला माफ कर."

"ते आता माझं मला ठरवू द्या," तो म्हणाला. "घाई करू नका. आणि हे मला घरात येऊन सांगून काय उपयोग? तुम्ही लोकांनी मला माफ केलं ते कुठं? तिथं सांगा."

आज तुझी पाळी होती. आमच्या घरानं घेतली. सेलीनला मी दुपारी सगळं सांगितलं. तिनं लाटणं खाली ठेवलं, बाहेर जाऊन बसली आणि तासाभरानं आत येऊन म्हणाली, "मी पहिल्या चटईवर बसते. तू माझ्याकडे बघून बोल." बघ, एवढी वर्षं मी तिला बडबडी म्हणतो.

संध्याकाळी चटया फरशीवरच पसरल्या, तू ती जागाच करून ठेवलीस. दोन्हीकडची माणसं होती. सोनवणे पलीकडे, कठड्याला टेकून, हाताची घडी घालून. पुस्तक उघडायच्या आधी तुझा प्रश्न कोणीच विचारला नाही, कोणात ते धाडस नव्हतं. मी उभा राहिलो. मी म्हटलं, क्रूसाचा हात माझ्या दोरीनं पडला. मला सकाळी सहालाच माहीत होतं. तरी मी स्टिक घेतली, तरी मी सोनवण्याचं नाव घेऊन ओरडलो, आणि तीन वर्षं गप्प बसलो. रुजायला माहीत होतं. ती तुम्हाला खरं सांगत होती.

एक म्हातारा उठून घरी गेला. ज्यानं माझ्या हातात स्टिक दिली होती त्यानं तोंड फिरवलं. शिव्या पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग पहिल्या चटईवरून सेलीननं सुरुवात केली. बायका मागून म्हणू लागल्या. हे आमच्या बापा म्हणता म्हणता त्या ओळीवर आल्या, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो ती ओळ, आणि तिथं सगळं गावठाण थांबलं. एकेक आवाज विझत गेला. रोज जन्मापासून म्हणतो ती ओळ, आणि कोणाच्या तोंडून निघेना, कारण समोर तो उभा होता ज्याला आपण तीन वर्षं क्षमा केली होती, आणि त्याचा अपराधच नव्हता. अपराधी आम्ही होतो. सेलीन माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. तू असतीस तर काय केलं असतंस मला माहीत आहे, पुस्तक मिटून उभी राहिली असतीस. आम्हाला नुसतं उभं राहता येत नव्हतं गो, आणि पुढंही जाता येत नव्हतं.

तेव्हा पलीकडून सोनवण्यानं हाताची घडी सोडली आणि म्हणाला, "म्हणा ना. थांबलात कशाला?"